माझे भांडण 'च'शी आहे

'जग स्वार्थावर चालते' हे वाक्य आपल्याकडे इतक्या शहाण्यांनी इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याला 'नाही' म्हणणारा एकतर भोळा ठरतो, नाहीतर ढोंगी. आमच्या माळव्यात ते हिंदीतून येते. 'सब मतलब के यार हैं, भाईसाब!' ओटल्यावर, पानाच्या ठेल्यावर, मयताहून परतताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ते ऐकू येते. म्हणणारा सुस्कारा टाकतो, ऐकणारा मान डोलावतो आणि जगाचे मोठे गुपित कळल्याचे समाधान दोघांनाही लाभते. सणासुदीच्या अंकात कुणाचे समाधान मोडू नये असा संकेत आहे. तो आज मी मोडणार आहे.

आधीच स्पष्ट करतो. माणसात स्वार्थ असतो हे मला मान्य आहे. तो माझ्यात आहे, तुमच्यात आहे, आणि आपल्यात तो नाही असे जो सांगतो त्याच्यात तर दुप्पट आहे. 'स्वार्थ असतो' या वाक्याशी माझे भांडण नाही. 'स्वार्थच असतो' या वाक्याशी आहे. म्हणजे सगळे भांडण एका अक्षराचे, त्या 'च'चे. अक्षर लहान आहे. पण दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांचे त्याने जे नुकसान चालवले आहे, ते लहान नाही. त्याकडे शेवटी येतो. आधी 'च'वाल्यांची बाजू मांडतो, आणि ती त्यांच्यापेक्षा बरी मांडतो. कारण मी देवासचा, आजोळ धारचे, आणि स्वार्थाचे दाखले गोळा करायला या दोन गावांइतकी सोयीची गावे थोडीच सापडतील.

पहिल्या बाजीरावाच्या फौजेबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या सख्ख्या भावांना १७२८ मध्ये देवासचा मुलूख मिळाला. दोघांच्या वंशांची पुढे दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजधानी मात्र एकच. इंग्रजांशी १८१८ मध्ये झालेल्या तहात दोघांनी मिळून एकच कारभारी ठेवावा असे ठरले होते. ते फार दिवस टिकले नाही, आणि १८४१ पासून दोन्ही पात्या आपापला भाग वेगवेगळा सांभाळू लागल्या. बाजारातल्या एकाच रस्त्याच्या मधून दोन राज्यांची हद्द गेली. कचेऱ्या दोन, फौजा दोन, पाणीपुरवठा दोन. बरोबरी इतकी काटेकोर की नजराण्यात लिंबू आले तरी ते चिरून निम्मे निम्मे करावे लागे, अशी गोष्ट सांगतात. भाऊ भावाला अर्धे लिंबू सोडत नाही, तिथे शेजारी शेजाऱ्याला काय सोडणार, असा 'च'वाल्यांचा सवाल आहे.

धारचा दाखला याहून कडू आहे. पुण्याच्या गादीच्या भांडणात रघुनाथरावांनी १७७४ मध्ये गरोदर आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात सुरक्षित जागी पाठवले. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले होते. गादीवर होते त्यांचे पुत्र खंडेराव, तेव्हा मिसरूडही न फुटलेले. त्यांनी राघोबादादांचा पक्ष उघडपणे घेतला. किल्ल्याला वेढा पडला, मुलूख जप्त झाला. जानेवारी १७७५ मध्ये त्याच किल्ल्यात बाजीरावाचा जन्म झाला, पुढे शेवटचा पेशवा झालेल्या दुसऱ्या बाजीरावाचा. अखेर खंडेरावांना बाळंतीण आणि बाळ पुणेकरांच्या हवाली करावे लागले, आणि मग जप्त झालेला मुलूख परत मिळाला. 'च'वाला म्हणतो, पाहा! आश्रय दिला तो राघोबा जिंकेल या आशेने, आणि सोडला तो जहागीर वाचवायला. शरणागताचे रक्षण वगैरे कीर्तनात ठीक.

आता माझी पाळी.

धारची गोष्ट राजकारणाची आहे, आणि राजकारणात हिशेब असतो हे मी नाकारत नाही. पण या युक्तिवादाची घडण पाहा. आनंदीबाईंना ठेवून घेतले, तर तो स्वार्थ. सोपवून दिले, तर तोही स्वार्थ. वेढा सोसून किल्ल्यातच सगळे मेले असते, तर हे लोक म्हणाले असते, 'कीर्तीचा स्वार्थ!' मग असे कोणते वर्तन शिल्लक राहिले की जे पाहून 'च'वाला म्हणेल, 'नाही बुवा, इथे माझे चुकले'? एकही नाही. हवामानखात्याने 'उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही' असे सांगितले तर त्याचा अंदाज कधीच चुकणार नाही. पण छत्री घ्यायची की नाही हे त्यावरून कुणालाही कळणार नाही. 'च'चे शास्त्र हे असले शास्त्र आहे. ते चुकत नाही, कारण ते काही सांगतच नाही.

देवासच्या लिंबाचे तर उलटेच आहे. अर्ध्या लिंबाने कोणत्या राजाचा खजिना भरतो? नफ्यातोट्याचा हिशेब करणारा माणूस म्हणाला असता, 'दादा, लिंबू तूच घे, मला कारकुनाचा अर्धा दिवस वाचू दे.' लिंबू कापले जाते ते मानासाठी. दोन कचेऱ्या, दोन फौजा, दोन पाणीपुरवठे यांत दोन्ही पात्यांचा खर्चच झाला असेल. ही भाऊबंदकी आहे. आणि भाऊबंदकीला स्वार्थ म्हणणाऱ्याने आपल्या गावच्या दिवाणी कोर्टात एक दिवस बसून यावे. दोन बिघ्यांच्या दाव्यासाठी दहा बिघे विकणारी माणसे तिथे दिसतील. स्वतःचे बुडाले तरी चालेल, पण त्याचे होता कामा नये, हा ज्यांचा बाणा, ते स्वार्थी असते तर त्यांची मुले सुखी झाली असती.

ही गोष्ट आमच्या शेजारच्या उज्जैनला फार पूर्वी कळली होती. परंपरेने भर्तृहरी उज्जैनचा मानला जातो; त्याच्या नावाची गुंफा अजून तिथे दाखवतात. त्याने माणसांच्या पायऱ्या लावल्या आहेत. स्वतःचे सोडून दुसऱ्याचे काम करणारे सज्जन. स्वतःचे सांभाळून दुसऱ्याचेही करणारे सामान्य. स्वतःसाठी दुसऱ्याचे बिघडवणारे राक्षस. आणि काही मिळत नसताना दुसऱ्याचे बिघडवणारे जे चौथे, त्यांना काय म्हणावे ते आपल्याला ठाऊक नाही, असे तो म्हणतो. 'च'च्या दुकानात या चारांपैकी फक्त मधल्या दोघांचा माल आहे. वरचा सज्जन त्याला समजत नाही, आणि तळाचा चौथाही समजत नाही. माणूस स्वार्थाच्या वर जातो तसाच स्वार्थाच्या खालीही जातो.

विश्वास बसत नसेल तर कलोन इथल्या अर्थशास्त्रज्ञांचा १९८२ मधला एक साधा खेळ पाहा. आपल्या नाण्यात तो असा: दोन अनोळखी माणसांत शंभर रुपये वाटायचे. पहिल्याने वाटणी सुचवायची. दुसऱ्याने 'हो' म्हटले तर तशी वाटणी, 'नाही' म्हटले तर दोघांनाही भोपळा. स्वार्थच असता तर दुसऱ्याने दहा रुपयेही मुकाट्याने खिशात टाकले असते. शून्यापेक्षा दहा बरे. पण तेव्हापासून हा खेळ जगभर पुन्हा पुन्हा खेळला गेला आहे, आणि फार कमी देऊ केले तर पुष्कळ माणसे 'नको तुझे पैसे' म्हणून उठतात. अन्याय पाहून खिशातले सोडणारा हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. ग्राहकशास्त्राच्या पुस्तकात तो नाही, इतकेच.

आता 'च'वाल्याची शेवटची सोंगटी. तो म्हणतो, 'परोपकार करणाऱ्याला समाधान मिळते ना? मग तो समाधानासाठीच करतो. म्हणजे स्वार्थच.' ही चाल नवी नाही. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने रस्त्यावर एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले. ते का दिले, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले की त्याची दैना पाहून मला त्रास होत होता. पैसे दिल्याने त्याचाही त्रास कमी झाला आणि माझाही. ऐकायला चोख. पण हॉब्जसाहेब, दुखणे त्याचे असताना त्रास तुम्हाला का झाला? ज्याला दुसऱ्याचे दुखणे दुखते, त्यालाच तर आम्ही दयाळू म्हणतो! स्वार्थी माणूस त्याच भिकाऱ्याजवळून रुमाल नाकाला लावून गेला असता आणि त्याची झोपही मोडली नसती. काम झाल्यावर समाधान मिळते हे खरे. पण समाधान मागाहून येते, आणि येते ते दुसऱ्याचे भले आधीच हवे असते म्हणून. घामासाठी कुणी धावत नाही, धावल्यामुळे घाम येतो.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या पंथाची झडती घेतली आहे. चार्वाकापासून हॉब्जपर्यंतच्या मंडळींना त्यांनी 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात ओळीने उभे केले आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती, पत्नी, पुत्र हे सारे आत्म्यासाठी प्रिय होतात. 'च'वाले हे वचन फार आवडीने काढतात. पण तिथला आत्मा म्हणजे देहापुरता 'मी' नव्हे, सर्वांत भरून असलेला आत्मा, हे टिळकांनी तिथेच दाखवले आहे. तो 'मी' इतका मोठा केला तर स्वार्थ आणि परार्थ हा भेदच पुसला जातो, आणि 'च'वाल्याच्या हातात काहीच उरत नाही.

याहून साधा पुरावा आपल्या जिभेवर आहे. 'कामापुरता मामा', 'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणी 'च'वाले आपल्या बाजूने काढतात. पण या म्हणी लागतात का? झोंबतात का? सगळेच मामे कामापुरते असते, तर तसे म्हणण्यात शिवी कसली? 'मतलबी' हा शब्द हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे अपमानाचा आहे. भाषेला या शब्दाची गरज पडली, कारण मतलबी नसलेली माणसे तिने पाहिली होती. सगळेच काळे असते तर 'काळा' हा शब्द कुणी घडवला असता?

तात्त्विक बोलणे पुष्कळ झाले. देवासला परत येतो, आणि येताना तुमच्यापैकी बेळगावकडच्या वाचकांना बरोबर घेऊन येतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा मुलगा पुढे कुमार गंधर्व झाला. घरची भाषा कन्नड, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, आणि उरलेले सारे आयुष्य आमच्या मालवी-हिंदी देवासात. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही देवधरांच्याच शिष्या, स्वतः गाणाऱ्या. लग्नाला वर्ष होते न होते तोच नवऱ्याला क्षय. जानेवारी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी दोघे देवासला आले. गाणे बंद करण्याचा वैद्यकीय हुकूम. पाचेक वर्षे अंथरूण. त्या काळात क्षय म्हणजे काय होते हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. रोग्याचे भांडे वेगळे, आणि बऱ्याचदा नातेवाईकही वेगळे. भानुमतीबाईंनी देवासात शाळेत शिकवून घर चालवले आणि रोग्याची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, एक फुप्फुस निकामी झाले, पण माणूस उठला आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा गाऊ लागला. भानुमतीबाई १९६१ मध्ये गेल्या.

'च'वाला म्हणेल, 'बायकोच ती! नवरा जगला तर तिचेच कुंकू राहणार.' अहो, ज्याचे गाणे परत येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते, ज्याच्या श्वासातून रोग लागण्याची भीती होती, त्याच्यापाशी आपली उमेदीची वर्षे घालवणे हा कुठल्या पेढीचा हिशेब? तिच्या जागी नुसता हिशेब असता तर तो पहिल्या वर्षीच माहेरच्या गाडीत बसला असता.

आणि याच गोष्टीत स्वार्थही आहे, तो मी लपवत नाही. ते स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत १९४३ मध्ये सापडले. सापडवणारा विद्यार्थी आल्बर्ट शाट्झ आणि त्याचे गुरू वॅक्समन यांच्यात श्रेयावरून आणि रॉयल्टीवरून १९५० मध्ये कोर्टकज्जा झाला. नोबेल पारितोषिक १९५२ मध्ये एकट्या गुरूला मिळाले. औषधाच्या बाटलीत भांडण होते, बाटली उशाशी ठेवणाऱ्या हातात नव्हते. एका माणसाला वाचवायला दोन्ही लागले. जग असे मिसळलेले आहे. 'च' ही मिसळण नाकारतो, म्हणून तो खोटा.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर माझा लेख चुकीच्या हातात पडेल. निःस्वार्थपणाचे प्रवचन आपल्याकडे बहुधा दुसऱ्याला दिले जाते. सुनेने सेवा म्हणून राबावे, शिक्षकाने व्रत म्हणून कमी पगारात शिकवावे, मंडळाच्या कार्यकर्त्याने समाजकार्य म्हणून खुर्च्या उचलाव्यात, आणि प्रवचनकाराने हार घ्यावा. भानुमतीबाईंचे स्वतःचे गाणे मागे पडले, ही किंमत कुणी विसरू नये. त्यांच्या नावाने उदबत्ती लावून घरच्या सुनेला राबवणाऱ्याला मी या लेखातले एक वाक्यही वापरू देणार नाही. हक्काचे मागणे हा स्वार्थ नव्हे, आणि दुसऱ्याच्या हक्कावर डल्ला मारून त्याला त्याग म्हणणे हा मात्र अस्सल स्वार्थ होय.

'पण बाजाराचे काय?' असे कुणी विचारील. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवले आहे की खाटीक आणि पाववाला आपल्याला जेवण पुरवतात ते दयेने नव्हे, स्वतःच्या फायद्यासाठी. खरे आहे. पण याच स्मिथने त्याआधी, १७५९ मध्ये, दुसरे पुस्तक लिहिले होते, आणि त्याची सुरुवातच अशी आहे की माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखात त्याचे मन गुंतते. 'च'वाले दुसरे पुस्तक मिरवतात, पहिले उघडत नाहीत. आम्हा देवासकरांना पैशाचे कौतुक परक्याने सांगायला नको. नोटा छापणारी बँक नोट प्रेस आमच्याच गावात आहे. पण नोटेवर काय छापलेले असते? 'मैं धारक को अदा करने का वचन देता हूँ.' वचन! साऱ्या बाजाराचा डोलारा उभा आहे तो एका दिलेल्या शब्दावर. शब्द पाळायचा असतो हे आईच्या मांडीवर शिकलेली माणसे संपली, तर त्या कागदात पुड्या बांधाव्या लागतील.

बाजाराचा व्यवहार आणि शेजाराचा व्यवहार यांत एक फरक आहे. बाजारात पैसे दिले की नाते संपते. शेजारात फेड झाली की नाते सुरू होते. शेजारणीने वाटीतून काही पाठवले तर ती वाटी आपण रिकामी परत करत नाही. निदान चार लाडू, नाहीतर मूठभर साखर. आता दिवाळीत आमच्या आळीतून फराळाची ताटे रुमालाखाली झाकून निघतील. आमच्या चकल्या-अनारसे मालवी घरी जातील, तिकडून सेव-गुजिया येतील. 'च'वाला म्हणतो, ही अदलाबदलच. मग दोन्ही घरांनी आपापले फराळ आपापल्या घरीच खाल्ले असते तर अर्धा दिवस वाचला नसता का? ताटे फिरतात ती पोट भरायला नव्हे, हिशेब उघडा ठेवायला. लग्नातला आहेर आपण वहीत लिहून ठेवतो हे खरे. पण आहेराची फेड दुसऱ्याच दिवशी, पैशापैशाचा हिशेब करून, कुणी केली तर समोरचा खूश होईल की दुखावेल? त्याला कळेल की आता आपल्याशी संबंध नको आहे.

आता त्या नुकसानीकडे येतो, जिच्यासाठी हा सारा खटाटोप. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांची हकिकत दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली. काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि बाईंना खोळंबावे लागे. म्हणून त्यांतल्या सहा ठिकाणी उशिराबद्दल दंड ठेवला. 'च'च्या शास्त्राप्रमाणे उशीर कमी व्हायला हवा होता. तो जवळजवळ दुप्पट झाला! आधी पालक बाईंचा विचार करून धावत येत. दंड लागल्यावर त्यांना वाटले, आता उशिराचे पैसे दिले, विषय संपला. पुढे दंड उठवला, तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. एकदा नात्याला किंमत लावली की किंमत काढून घेतली तरी नाते परत येत नाही.

'स्वार्थच असतो' असे रोज म्हणत राहणे म्हणजे घराघरांत हा दंड लावणे आहे. मागे एका कार्यक्रमात व्यक्तिमत्त्व-विकासाचे एक वक्ते आमच्या मुलांना सांगत होते की ज्यांचा उपयोग आहे अशांशीच ओळख वाढवा, बाकीचे वेळ खातात. मुले वहीत उतरवून घेत होती. पुढच्या रांगेत त्यांचेच आजी-आजोबा बसले होते. त्यांचा उपयोग काय, हे कुणी वक्त्याला विचारले नाही. मी विचारले, तेव्हा टाळ्या पडल्या आणि कार्यक्रम पुढे गेला.

ही शिकवण दोन भाषांच्या जिल्ह्यात दुहेरी मारते. पहिला घाव शेजाऱ्यावर. बेळगाव असो, बिदर असो, बऱ्हाणपूर असो की आमचे देवास, आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या माणसाशेजारी राहिलो. 'तो दुकानदार आपल्याशी मराठीत बोलतो तो गिऱ्हाईक टिकवायला' असे एकदा मनाने घेतले की तो आईच्या गुडघ्याची चौकशी करतो तीही आपल्याला जाहिरात वाटू लागते. मग आपणही त्याच्याकडे तसेच पाहतो, आणि एखाद्या आंदोलनाच्या दिवशी दोन घरांतली भिंत एका रात्रीत वर चढते. संशयाला पुरावा लागत नाही. तो स्वतःच पुरावा तयार करतो.

दुसरा घाव आपल्याच घरात. आमच्याकडे बहुतेक शाळांत मराठी शिकण्याची सोय नाही. मुलगा हिंदीत खेळतो, इंग्रजीत परीक्षा देतो, आणि एक दिवस विचारतो, 'मराठी शिकून फायदा काय?' प्रश्न मुलाचा नाही. तो आपण त्याला दिलेला आहे. आपणच त्याला प्रत्येक गोष्टीचा भाव विचारायला शिकवले. आणि हिशेबाने पाहिले तर उत्तर अवघड आहे. देवासमध्ये मराठीने नोकरी मिळत नाही, बढती मिळत नाही, टेंडर मिळत नाही. सीमाभागातल्या तुम्हा मंडळींना तर मराठीपायी झळही लागली असेल. 'च' खरा असेल तर मुद्दा संपला: मराठी सोडा, आजीला गप्प बसवा, गणेशोत्सवाची वर्गणी मुदतठेवीत टाका. 'च' मान्य करून वर 'मातृभाषा टिकवा' अशी भाषणे करणाऱ्यांची मला कीव येते. झाडाचे मूळ कापून ते फांद्यांना पाणी घालत आहेत.

म्हणून सांगतो, मुलाला मराठीचे फायदे मोजून दाखवू नका. मेंदू तल्लख होतो, स्पर्धापरीक्षेत गुण मिळतात, असली आमिषे दाखवू नका. उद्या कुणी दुसऱ्या भाषेचे याहून मोठे फायदे दाखवील आणि तुमचे मूल रास्तपणे तिकडे जाईल. त्याला खरे कारण सांगा. आजीला रात्री पाय दुखल्यावर ती ज्या भाषेत कण्हते, ती तुला कळावी म्हणून. तिला तुझ्याशी बोलायचे आहे आणि तुझी हिंदी तिला भरभर समजत नाही म्हणून. मूल फायद्याशिवाय काही करत नाही, हा आपला समज आहे. माझ्या अनुभवात मुलांना 'तिला तुझी गरज आहे' एवढे सांगितले की पुष्कळदा पुरते. नडतो तो मधल्या पिढीचा शहाणपणा.

'च'वाल्यांशी वाद घालून ते बदलतील अशी माझी अपेक्षा नाही. पण त्यांचे वाक्य ऐकून नुसती मान डोलावण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती तरी मोडू या. पुढच्या वेळी कुणी 'सब मतलब के यार हैं' म्हणाले तर शांतपणे विचारा, 'तुम्हीसुद्धा?' पाहा तो काय म्हणतो. 'नाही, मी तसा नाही' असेच म्हणेल. एक अपवाद तिथेच मिळाला. दुसरा त्याने तुमच्यात शोधावा, असे वागायचे काम तेवढे आपले आहे.